तिसऱ्या मजल्यावरचे दोन नॉब

"ही इमारत शिंकली तरी आधी माझी परवानगी घेते!" असं पक्कडकाका छातीठोकपणे सांगायचे, आणि सव्वीस वर्षं ते खरंही होतं. तळघरातली एक खोली, मोडक्या हाताची खुर्ची, खिशात पक्कड, आणि सात मजल्यांचे दिवे, पंप, एसी सगळे त्यांच्या मुठीत!

मग कंपनीने स्वयंचलित यंत्रणा आणली. आता म्हणे संगणकच दिवे लावणार, एसी चालवणार, लिफ्टवर नजर ठेवणार! ती बसवायला एक इंजिनीयर बाई आल्या आणि मॅनेजरसाहेबांनी काकांना वर बोलावलं.

"काका, शुक्रवारी मुख्य कार्यालयाचे पाहुणे यंत्रणा बघायला येताहेत. एक तारखेपासून तुम्ही गोदामात."

"गोदामात मी काय करू साहेब? तिथं आहे काय?"

"पत्रे आहेत. आणि एक दिवा आहे."

सात मजले सांभाळलेला माणूस एका दिव्याकडे बघत बसणार! घरी बायको म्हणाली, "बरंच झालं की, डोक्याला कटकट नाही!" त्यावर काका जेवता जेवता ताटावरून उठले. भात चांगला झाला होता, तरी उठले.

शुक्रवार उजाडला. आता या इमारतीचं खरं दुखणं होतं तिसऱ्या मजल्यावर. तिथं हिशेब विभागाच्या मोठ्या बाई बसायच्या. त्यांना बारा महिने थंडी! दोन स्वेटर, वर शाल. समोरच्या टोकाला खरेदीवाले. त्यांना बारा महिने उकाडा! एकेकाळी या दोघांच्या भांडणात एक खिडकी निखळली होती. मग काकांनी दोघांच्या मागच्या भिंतींवर एकेक नॉब बसवला. इकडे फिरवला की गार, तिकडे फिरवला की गरम. तेव्हापासून बारा वर्षं मजल्यावर चिडीचूप.

त्या सकाळी बाईंनी रोजच्यासारखा नॉब पार गरमच्या टोकाला नेला. खरेदीवाल्यांनी आपला पार गारच्या टोकाला. आणि पाच मिनिटांत बाई शाल फेकून ओरडल्या, "अहो, ही काय भट्टी पेटवलीय का!" समोर खरेदीवाल्यांचे दात कडकड वाजत होते. लगेच बाईंनी नॉब गारकडे गरकन फिरवला, यांनी गरमकडे. मग परत उलट. मग परत सुलट. गरीब बिचारी यंत्रणा दोघांचीही आज्ञा पाळत धावत सुटली, आणि शेवटी तिने आपल्या हुशारीने ठरवलं की तापमान असं उड्या मारतंय, म्हणजे नक्की आग लागली!

भोंगा वाजला! सगळे दरवाजे आपोआप उघडले! एक गोड आवाज सातही मजल्यांवर सांगू लागला, "कृपया शांतपणे बाहेर पडा." चारशे माणसं अशांतपणे बाहेर पडली. त्याच वेळी लिफ्टमध्ये मॅनेजरसाहेब पाहुण्यांना सांगत होते, "माणसाचा हात म्हणून कुठे लागत नाही!" आणि लिफ्ट सगळ्यांना घेऊन तडक तळाला आली.

रस्त्यावर इंजिनीयर बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "संपलं काका! आज माझी यंत्रणा परत जाणार. मी तर एकही वायर सोडली नव्हती हो! ते दोन नॉब कशालाच जोडलेले नव्हते, तेसुद्धा मी जोडून घेतले."

काकांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, ते मुद्दामच जोडले नव्हते!"

"मग भिंतीवर कशाला?"

"शांततेसाठी! माणसाला फिरवायला काहीतरी हवं असतं!"

मग दोघं जिन्याने धावत वर गेले. काकांनी पक्कड काढली, खट, खट, दोन वायरी तोडल्या, टोकांना काळी टेप गुंडाळली, आणि यंत्रणेचा ताप उतरला.

अर्ध्या तासाने पाहुणे तिसऱ्या मजल्यावर आले. हिशेबाच्या बाईंनी नॉब फिरवला. "आता कसं उबदार वाटतंय!" खरेदीवाल्यांनी फिरवला. "वा, काय गारवा!" मुख्य पाहुण्यांनीही स्वतः फिरवून पाहिला आणि मान डोलावली. "फरक जाणवतो हं!"

काकांनी ओठ घट्ट दाबून धरले. इंजिनीयर बाई पुढे झाल्या. "यंत्रणेला हवा कळते साहेब, पण इथली माणसं काकांनाच कळतात. ते इथं हवेतच." गोदामाची बदली तिथल्या तिथे रद्द! त्या दिवशी घरी काकांनी तीनदा भात घेतला.

जाता जाता इंजिनीयर बाईंनी तळघरात काकांसाठी सहा बटणांची झकास पाटी बसवून दिली. "सगळी इमारत तुमच्या हातात, काका!" काका रोज सकाळी सहाही बटणं क्रमाने दाबायचे आणि येईल त्याला सांगायचे, "संगणक असेल हो, पण दाबतो मी!"

महिन्याभराने जळमटं काढताना त्यांनी ती पाटी भिंतीवरून उतरवली. मागे सहा वायरी होत्या. सहाही लोंबकळत होत्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला काळी टेप अगदी काकांच्याच पद्धतीने गुंडाळलेली होती.

काकांनी दाराबाहेर कोणी नाही ना ते पाहिलं, पाटी गुपचूप परत लावली आणि एसीचं बटण दाबलं.

आणि काय सांगावं, खोलीत जरा गारच वाटलं!