भेगेची पाहणी उन्हाळ्यातच का करावी

खडकाइतका समंजस रहिवासी दुसरा नाही. तो पाणी मागत नाही, रस्ता मागत नाही आणि फुटायचा असला तरी इतका सावकाश फुटतो, की तेवढ्यात अधिकाऱ्यांची बदली होऊन जाते.

शेणव्याच्या पलीकडे कड्याला टेकून एक वाडी होती. (कडा आधीपासून होता, त्यामुळे चूक वाडीची.) कड्याला भेग पडली आणि तिच्या बरोबर खाली कमळ गोजरचे घर आले. पावसात भेगेत पाणी मुरे, पुढे उन्हात कातळ तापे, पहाटे गार पडे आणि भेग केसाकेसाने वाढे. कमळने तक्रार केली. प्रशासनाने तत्परतेने, ऐन मे महिन्यात, साहेब धाडले.

कातळ कोरडा ठणठणीत होता. "भक्कम आहे," साहेब म्हणाले.

"पावसात या ना, साहेब. तवा लय भ्या वाटतं."

"पावसात कसं येणार? पावसात इथं उभं राहणं धोक्याचं असतं, बाई."

"आन आमी?"

"तुम्हाला सवय आहे."

अहवाल आला: ओलावा, ऊन आणि काळ या तीन बाबी वगळल्यास सदर खडक कायम टिकेल.

अहवालात ओलावा वगळलेला, म्हणून पावसाळाभर वाडी शाळेत हलवली. भातकापणीच्या सुमारास आकाश निवळले, तसा हुकूम निघाला की पाऊस संपला, सबब धोका संपला. शाळा रिकामी करावी. सगळे घरी परतले. कमळ तेवढी कड्यापासून लांब, खळ्यावरच्या मांडवात राहिली. धाकटा दीर देवराम हसला.

"आता कसली भीती गो, वयनी? पाऊस तर गेला."

"माझा जीव नाय मानत. तू पन इथंच नीज."

"घर हाय ना आपलं," म्हणून तो गेला.

एका लख्ख दुपारी, माणसे शेतात असताना, कडा खाली आला. देवराम जेवून पडला होता. कमळ दगडांवर हात आपटत त्याला हाका मारत राहिली. दगड हलवायला यंत्र आले, तोवर तिचा आवाज बसला होता.

देवरामचा मृत्यू पावसाळी आपत्तीत धरता आला नाही. (त्या दिवशी पाऊस नव्हता.) वाडी मात्र दूर माळावर, पत्र्याच्या शेडमध्ये, सुरक्षित हलवण्यात आली.

मोकळी झालेली जागा आता सपाट केली आहे. उरलेल्या कड्याखाली शनिवार-रविवारसाठी टुमदार बंगले होणार आहेत. पावसात खिडकीसमोरच धबधबा. चौकशीला रोज फोन येतात. आपलाही परवा आला होता. तिथे रेंज येते का, एवढेच आपण विचारलेत. येते.