कमकुवत मनाच्या माणसांनी पाहू नये

अपघाताचे फोटो रायभान स्वतः कधीच पाहत नसे. रक्त दिसले की त्याला घेरी येई. ही गोष्ट त्याची बायको साखराबाई हिच्याखेरीज गावात कुणालाही ठाऊक नव्हती. म्हणून असा फोटो आला की तो एक डोळा मिटून घेई, दुसऱ्याने फक्त खालचा मजकूर वाची आणि अंगठ्याने तो अकरा ग्रुपांवर पुढे पाठवी. वर स्वतःची एक ओळ जोडी : 'कमकुवत मनाच्या माणसांनी पाहू नये.'

पोळ्याच्या आदल्या दिवशी, उन्हे भिंतीवरून उतरत असताना, असाच एक फोटो आला. 'बदनापूर रस्त्यावर भीषण अपघात. ओळख पटवा.' रायभानने डोळा मिटला, अंगठा फिरवला आणि समाजाप्रतीचे कर्तव्य उरकून चहाची वाट पाहू लागला.

चहाऐवजी साखराबाई आली. हात पिठाचे, बोटांत फोन.

"अहो, ह्यो मुडदा तुमचा सदरा घालून पडलाय."

"निळे सदरे काय मी एकटाच घालतो का जिल्ह्यात?"

"खिशाला हिरव्या दोऱ्यानं ठिगळ मीच लावल्तं. निळा दोरा संपल्ता."

रायभानने हळूच छातीकडे पाहिले. दोरा हिरवा होता.

मग त्याला दुपार आठवली. बैलांच्या शिंगांसाठी लाल रंगाचा डबा घेऊन तो भोकरदनहून परतत होता आणि वाटेत, बदनापूर रस्त्यावरच्या बाभळीखाली, गमछा उशाला घेऊन, जरा आडवा झाला होता. ओल्या काळ्या मातीत मोटारसायकलचे स्टँड रुतले, गाडी कलंडली, डब्याचे झाकण निघाले आणि त्याची झोप न मोडता रंग निमूटपणे त्याच्या डोक्यापर्यंत वाहत आला. जाग आल्यावर सांडलेल्या रंगाचे त्याला अपार दुःख झाले होते. ते दुःख जग बघत आहे, याची मात्र कल्पना नव्हती.

"म्हंजी, मी मेलो न्हाई," तो सुटकेचा श्वास टाकत म्हणाला.

"त्ये मला दिसून राह्यलं. वर्षाराणीला कसं दिसणार?"

रायभानचा श्वास अर्ध्यातच अडकला. लेक परतूरला, सातवा महिना, आणि अकरा ग्रुपांतला एक घरचा. त्याने सहा वेळा फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तेव्हा त्याने फोटो दाबून धरला आणि घाईत 'माझ्यासाठी हटवा' हे निवडले. फोटो नाहीसा झाला, पण केवळ त्याच्याच फोनमधून. इतरांच्या फोनमध्ये तो आता कायमचा पडून राहणार होता.

त्याने गावच्या ग्रुपवर विनवणी केली : 'फोटो काढून टाका, तो मी आहे.' तोवर तिथे एकोणीस जणांनी श्रद्धांजली वाहिली होती. विनवणीखाली आणखी चौघांनी वाहिली. ग्रुपमधल्या रामकिसनने तेवढे उत्तर दिले : 'गेल्या साली तूच म्हनला ना, समाज जागा झाला पाह्यजे? आमी जागं करून राह्यलो.'

"फोटो काढला कुणी पण?" रायभान संशयाने म्हणाला. "आन् गमछा तर उशाला व्हता. जाग आली तवा तोंडावर. कुणी टाकला?"

साखराबाईने फोटो मोठा केला. "कडेला छत्री हाये. दांड्याला पिवळी पट्टी."

अशी छत्री गावात एकच होती : शाळेतल्या राजानंद सरांची. आणि सरांकडे कारणही होते. गेल्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ सूरज रस्त्यावरच्या अपघातात गेला, तेव्हा त्याचा फोटो रायभाननेच पसरवला होता. सर तो काढून टाकायला सांगण्यासाठी दारात येऊन उभे राहिले होते. रायभानने त्यांना जागृतीवर व्याख्यान दिले होते.

"बदला घेतला त्यानं, बराबर," असे म्हणत तो तडक सरांच्या घरी गेला. ओट्यावर सरांची आई केशरबाई तूर निवडत बसली होती.

"सर, तुमी माझा फोटो काढला!"

"मी न्हाई, भाऊ," राजानंद शांतपणे म्हणाले. "एक जीप थांबल्ती. चौघं उतरून फोटो काढून राह्यल्ते. मी हाका मारल्या, तुमी उठले न्हाई. मंग गमछा तुमच्या तोंडावर टाकला, म्हनलं निदान चेहरा तरी जाऊ नये. त्यायला सांगितलं, माणूस जित्ता हाये, घोरून राह्यला. त्ये म्हनले, फोटोत घोरणं ऐकू येत न्हाई."

आतल्या भिंतीवर सूरजची तसबीर होती. रायभानने प्रथमच तिच्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिले.

तेवढ्यात फोन वाजला. वर्षाराणी.

"बाबा, दवाखान्यात व्हते, तपासणीला. सहा वेळा फोन केला तुमी?"

"ग्रुपवरचा फोटो... पाह्यला का?"

"तुमचे फोटो मी कधीच उघडत न्हाई. वरून अंगठा देते फक्त. का, कशाचा हाये?"

रायभान घाबरला. "पोळ्याचा. बैलांचा."

"अगंबाई! मंग उघडते की!"

"उघडू नको!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की शेजारच्या गोठ्यातला बैल उठून उभा राहिला.

"बाबा, काय झालं?" तिचा आवाज आता बारीक झाला होता.

आजवर अशी प्रत्येक बातमी रायभानने अंगठ्याने सांगितली होती; तोंडाने सांगायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. केशरबाईने सूप बाजूला ठेवले.

"सांग तिला, रायभान. लेकराला आधी माणसानं सांगावं लागतं. माझ्या सूरजचं मला कुणी सांगितलंच न्हाई, फोनमधीच दिसलं."

रायभानने डोळे मिटले. दोन्ही.

"वर्षा, खाली बस. पाणी पी. आन् पहिली गोष्ट ऐक : मी जित्ता हाये."

"माहीत हाये, बाबा. बोलून राह्यलात ना!"

"हौ," रायभान म्हणाला, "पण ऐकून घे."