डॉक्टरांना घाई नव्हती

"तुमच्या सवडीनं या, काका. आठ दिवस लागू देत, दहा लागू देत. मला अजिबात घाई नाही," खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि झडतीसाहेबांच्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत जाता जाता थांबला.

झडतीसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. बंदरावरच्या कस्टम्सच्या कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या बॅगा उघडल्या, त्याबद्दल इमारतीनं त्यांना ते बहाल केलं होतं. निवृत्त होऊन चार महिने झाले तरी त्यांची नजर अजून कामावर जात होती. घरी आलेला पाहुणा पिशवी कोपऱ्यात ठेवतो की पायाजवळ, हे पाहिल्याशिवाय त्यांना त्याची विचारपूस करवत नसे.

डॉक्टरांचं म्हणणं तसं सरळ होतं. ते आपला दवाखाना किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या गावी हलवत होते. स्वतः विमानानं जाणार होते. मागे राहणारी गाडी काका-काकूंनी समुद्राकाठच्या रस्त्यानं रमतगमत आणावी, तिकडे सोडावी आणि रेल्वेनं परत यावं, एवढंच.

"म्हणजे गाडी फक्त जाणार. परत येणार नाही?" झडतीसाहेबांनी विचारलं.

"परत कशाला येईल, काका? मीच तिकडे असणार ना!"

झडतीसाहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चोरटा मालही असाच एका बाजूनं जातो, परत कधी येत नाही. आणि ते घाई नसणं! एकतीस वर्षांत ज्याच्या बॅगेत काही नाही असा प्रत्येक माणूस घड्याळाकडे बघून वैतागलेला त्यांनी पाहिला होता. "सावकाश तपासा हो साहेब," असं हसून म्हणणाऱ्यांच्या बॅगेला मात्र हटकून दुसरा तळ निघे.

बायकोला यातलं काही दिसत नव्हतं. ती डॉक्टरांनी दिलेला मुक्कामांचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. "रोज साठ-सत्तर किलोमीटरच जायचं हो! तिसऱ्या दिवशी दीपगृह. पाचव्या दिवशी तर खोलीतूनच समुद्र!" लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. नवरा रोज समुद्राला खेटून नोकरी करत होता, पण तिला समुद्रावर न्यायची वेळ आली की त्याची रजा शिल्लक नसायची. आता तरी जायला मिळेल, या आशेनं तिनं लगेच बॅग भरून ठेवली होती.

"हा कागद डॉक्टरांनी का दिला?" झडतीसाहेब म्हणाले.

"आपल्याला खोल्या शोधत फिरायला नको म्हणून."

"गाडी त्यांची, मग आपण कुठं झोपतो याच्याशी त्यांना काय करायचंय? सात गावं, सात खोल्या. त्यातल्या एका गावी आपण झोपलेले असताना कुणीतरी येणार, डिकी उघडणार आणि माल काढून घेणार. आपण बसू दीपगृह बघत!"

बायकोचा चेहरा उतरला. "अहो, दातांचे डॉक्टर आहेत ते. माझी दाढ त्यांनी दुखू न देता काढली."

"तेच म्हणतोय मी. हात साफ आहे माणसाचा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गाडीची किल्ली आणून दिली. झडतीसाहेबांनी ती घेतली आणि डॉक्टर दवाखान्यात गेल्याबरोबर ओळखीच्या गॅरेजवाल्याला इमारतीच्या आवारातच बोलावून घेतलं. आधी नुसत्या सीटखाली बघायचं ठरलं होतं. सीटखाली काही नाही म्हटल्यावर संशय वाढला, म्हणून सीट बाहेर आल्या. मग पायपुसण्या, मग दारांचे आतले पत्रे. गाडी जितकी निर्दोष ठरत होती, तितकी ती झडतीसाहेबांच्या मनातून उतरत होती.

वरून गॅलरीतून बायकोचा आवाज आला. "अहो, सीट अंगणात का मांडल्यात?"

"हवा खातायत जरा!" झडतीसाहेब ओरडले. वरचं दार धाडकन बंद झालं.

शेवटी डिकीतल्या जादा चाकाखालून गॅरेजवाल्यानं एक जाड प्लॅस्टिकची पिशवी ओढून काढली. आत दोनेक किलो पांढरीशुभ्र पूड. वर नाव नाही, शिक्का नाही. "साहेब," तो हात पुसत म्हणाला, "मी काही बघितलं नाही हं."

झडतीसाहेबांना चार महिन्यांत पहिल्यांदाच भूक लागल्यासारखं वाटलं. पण पुराव्याशिवाय बोलणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी स्टीलच्या पेल्यात पाणी मागवलं, त्यात दोन मुठी पूड टाकली आणि बोटानं ढवळली. पूड विरघळते का, तळाशी बसते का, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. ती बसेपर्यंत त्यांनी गॅरेजवाल्याला आपण पकडलेल्या बाहुल्यांच्या पेटीची गोष्ट सांगायला घेतली. ती गोष्ट लांबलचक होती आणि बोट पेल्यातच होतं.

"गरम होतंय रे!" मधेच ते आनंदानं म्हणाले. "रसायन आहे, जोरदार रसायन आहे!"

बाहुल्यांची पेटी उघडण्याच्या सुमारास त्यांनी बोट बाहेर काढायला हात उचलला, तर पेलाही बरोबर वर आला. त्यांनी हात झटकला. पेला हलला नाही. पेल्यात आता दगड होता आणि त्या दगडात बोट, बोटातल्या अंगठीसकट, रुतलं होतं.

"कटर आणू का?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"कशाला?"

"पेल्याला हो, साहेब. बोटाला नाही."

बारीक कोरून वस्तू मोकळी करायची हत्यारं त्या इमारतीत एकाच माणसाकडे होती. झडतीसाहेबांची मान ताठ होती, पण दवाखान्यापर्यंत जाताना पेला त्यांनी रुमालानं झाकून नेला.

डॉक्टरांनी रुमाल उचलला, पेल्यात पाहिलं आणि त्यांना खुर्चीवर आडवं केलं.

"हा माल कुणाचा?" झडतीसाहेबांनी आडव्यानंच चौकशी सुरू केली.

"माझाच," डॉक्टर म्हणाले. "दातांचे साचे करायचं प्लास्टर आहे हे, काका. महिनाभर शोधतोय मी. कुठं सापडलं?"

झडतीसाहेबांचं अवसान गळालं, तरी चिकाटी गळाली नाही. "ते असू दे. तुम्हाला घाई का नाही, ते सांगा. नव्या गावी, नवा दवाखाना, दारात गाडी नाही, आणि घाई नाही?"

प्लास्टर कोरणारं यंत्र थांबलं. डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं आणि त्यांच्या मानेवर घाम दिसू लागला. ही खूण झडतीसाहेबांच्या चांगल्या ओळखीची होती.

"काकूंना सांगणार नाही ना?" डॉक्टर हळूच म्हणाले. "गाडी ट्रकवरून जायची होती. ठरलंही होतं सगळं. काकू दाढ दाखवायला आल्या, तेव्हा मी सहज बोललो. तर म्हणाल्या, ती गाडी आमच्या ह्यांना आणायला सांगा. फिरायला चला म्हटलं तर हे घरातून हलायचे नाहीत, पण दुसऱ्याचं काम म्हटलं की लगेच निघतील. मुक्काम त्यांनीच निवडलेत, काका. गेली कित्येक वर्षं वहीत टिपून ठेवतायत त्या. मी फक्त माझ्या अक्षरात उतरवून दिले."

कट होता, हा अंदाज बरोबर निघाला होता. पण एवढ्या वर्षांत गुन्हेगार सापडल्यावर झडतीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी यायची ही पहिलीच वेळ. ते छताकडे बघत राहिले. बोट सुटलं तरी त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

घरी आले तेव्हा बायको बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात परत ठेवत होती. अंगणातल्या सीट पाहिल्यावर ती काय समजायचं ते समजली होती. तिनं मान वर केली नाही.

"गाडीत काही सापडलं नाही," झडतीसाहेब म्हणाले. "गॅरेजवाला सीट बसवतोय. उद्या सकाळी निघू."

तिचा हात कपाटात तसाच राहिला. "काही सापडलं नाही? तुम्हाला?"

"नाही. माणूस चांगला आहे. आणि पाचव्या दिवशीच्या गावी आपण दोन दिवस राहू. खोलीतून समुद्र दिसतो म्हणतेस ना."

ती वळली आणि त्यांच्याकडे नीट पाहत राहिली, आधी चेहऱ्याकडे, मग लाल झालेल्या बोटाकडे. त्यांनी बोट खिशात घातलं. मग तिनं बॅग पुन्हा भरली.

सकाळी बॅग डिकीत ठेवून ते वळले, तर ती गाडीच्या मागच्या दारातून आत वाकून सीटखाली हात घालत होती.

"अगं, काय शोधतेयस?"

"तुम्ही गप्प उभे राहा," आतून आवाज आला. "तुम्ही इतक्या सहज तयार झालात, म्हणजे या गाडीत नक्की काहीतरी आहे."