माझ्या घरातले शंभर डास

डास मारण्यात माझा हात धरणारा आमच्या खात्यात कोणी नव्हता. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नसे. बारा वर्षं मी फवारणीचा मुकादम. मी भिंत फवारली की तिच्यावर डास टेकला रे टेकला, खाली पडलाच पाहिजे! औषध दरवर्षी तेच. मध्ये एकदा वरून पत्र आलं होतं, की औषध आलटून पालटून वापरा, डास त्याला निर्ढावतात. मला हसू आलं. निर्ढावायला डास जिवंत तर राहायला हवा! पत्र फायलीत गेलं.

यंदा वीटभट्टीमागच्या वस्तीत फवारणी होऊनही माणसं तापानं फणफणली. दोघं दगावली. साहेबांनी कीटकतज्ज्ञ बाई बोलावल्या. त्यांना फवारलेल्या घरातले, मलेरिया पसरवणाऱ्या जातीचे शंभर जिवंत डास हवे होते. मी म्हणालो, हे म्हणजे टकल्याच्या डोक्यात उवा शोधणं. तरी हौस असेल तर माझ्याच घरी या. आमच्याकडे तर मी आईच्या पलंगावरची मच्छरदाणीसुद्धा काढून टाकली होती. मुकादमाच्या घरात मच्छरदाणी दिसली तर अब्रू काय राहिली?

बाई सकाळी सहाला आल्या. काचेची नळी तोंडात धरून भिंतीवरचा एकेक डास अलगद ओढून घेऊ लागल्या. बायकोनं ठेवलेला चहा निवेपर्यंत तीस झाले. उरलेले सत्तर आईच्या पलंगामागे मिळाले. बायको माझ्याकडे बघत होती. मी चहाकडे.

कार्यालयात त्यांनी ते डास आमच्याच औषधाचा कागद लावलेल्या नळ्यांत तासभर ठेवले, मग दिवसभर साध्या नळ्यांत. दुसऱ्या दिवशी बावीस मेले होते. बाकीचे सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे निवांत बसलेले. मी म्हणालो, कागद शिळा असणार. बाईंनी ताजा कागद काढला आणि वस्तीतून नवे शंभर आणले. एकोणीस मेले.

“औषध लेचेपेचे तेवढे मारतं, मुकादम,” बाई म्हणाल्या. “चिवट उरतात, त्यांचीच पिल्लं होतात. बारा वर्षं तुम्ही चिवट तेवढे निवडत आलात. औषध बदलायचं पत्र आलं नव्हतं का?”

मी म्हणालो, बघावं लागेल.

मी फायली उपसत होतो तेवढ्यात बायकोचा फोन आला. आईला हुडहुडी भरली होती, तीन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. तिला उचलून दवाखान्यात नेलं. रक्तात मलेरिया निघाला. वॉर्डात निम्म्या खाटा वस्तीतल्या माणसांच्या होत्या. मी मान खाली घालून आईच्या उशाशी बसलो.

नर्सबाई फॉर्म घेऊन आल्या. घरात फवारणी झाली होती का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. कुणी केली? मी घसा खाकरला, रुमाल शोधला.

“माझ्या लेकानं,” आई पांघरुणातून म्हणाली. तेवढ्या तापातही तिच्या आवाजात कौतुक होतं. “स्वतःच्या हातानं.”

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. तिचा नवरा दगावलेल्या दोघांपैकी एक होता.

“आमच्याकडेही हेच आले होते,” ती म्हणाली.

नर्सबाईंनी तेही लिहून घेतलं.