तात्या दिघ्यांची आणेवारी

तात्या दिघे माणसाला आण्यांत मोजायचे. त्याचा पगार नव्हे, घरदार नव्हे, माणूसच! तुम्ही समोर उभे राहिलात की एक डोळा बारीक करायचे आणि सांगून मोकळे व्हायचे, "सहा आणे." झालं! कुणी विचारलं होतं का? नाही. कुणी हरकत घेतली तर म्हणायचे, "मग पाच."

तात्या म्हणजे रेव्हेन्यूतले पेन्शनर सर्कल इन्स्पेक्टर. सारी नोकरी कर्जत-खालापूरच्या शिवारात उभ्या भाताची आणेवारी ठरवण्यात गेली. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्मं, आणि या आकड्यावर सरकार शेतसारा वसूल करायचा की नाही ते ठरवायचं. पेन्शन मिळाली, पण आणेवारी काही सुटली नाही. रामनवमीचं कीर्तन नऊ आणे. कुणाचा नवा जावई "वरून दहा, आतून पाच". माझ्या आईच्या वालाच्या बिरड्याला त्यांनी चौदाच्या वर कधी दिले नाहीत, आणि उरलेले दोन आणे कुठे गेले या विचाराने आई बिचारी प्रत्येक वेळी हिरमुसायची.

तिथवर ठीक होतं. पण हा माणूस मॅट्रिकच्या मुलांवर घसरला आणि सगळ्या गावाने मान डोलावली, याचा मला आजही संताप येतो.

तेव्हा मुंबईत एक मोठं कॉलेज होतं. नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. तिथे मुलं पारखून, निवडून घेत. पहिला वर्ग तर हवाच, वर प्रिन्सिपॉल स्वतः समोर बसवून बघणार. लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, साखर मिळेना, आणि पोराला मुंबईला धाडायचं म्हणजे घर उपसायचं. तेव्हा आईबाप आधी पोर तात्यांना दाखवायचे. हेडमास्तर राहिले बाजूला! आणि मेलं, एक त्यांच्या घरचा अंदाज सोडला तर, व्हायचंही तात्या म्हणतील तसंच.

आमचे अप्पा पेठेत कापडाचं दुकान चालवत. त्यांनी मला बजावलं, "कुमे, तात्यांनी आठ आणे म्हटलं तर मुंबई. नाहीतर मामाने कल्याणचं स्थळ आणलंय, ते करून टाकू."

म्हणजे माझं कॉलेज की लग्न, हे ठरवणार कोण? तर भाताच्या लोंब्या चोळणारा माणूस! मी काय भात होते?

तात्यांची एक पद्धत होती. ते सांगून येत नसत. "बांधावरचं पीक बघू नये," म्हणायचे. "बांधावर सगळ्यांचंच झकास असतं. आत शिरावं, मधली लोंबी हातावर चोळावी, फुंकर मारावी, आणि पोचट किती उडालं ते बघावं." मी मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत बसले होते, तर हे शिरले थेट परसातून. हातात माझं बीजगणित. पुस्तक मधोमध उघडलं आणि गणित घातलं. मी वाल सोलता सोलता तोंडी सोडवलं. भूमितीचा सिद्धांत अर्ध्यातून सुरू करून दिला, तो मी पुरा केला. मग पुस्तक मिटून म्हणाले, "तू लगेच चिडतेस का गं?"

"मी मुळीच चिडत नाही!" मी ओरडले, आणि बोटांतला वाल निसटून त्यांच्या चष्म्यावर बसला.

तात्यांनी चष्मा पुसला, उठले, मी मागोमाग, आणि पुढल्या दुकानात भर गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "अप्पा, चार आणे."

कडावची सखू दूध घालून तिथेच टेकली होती. तिने कपाळाला हात लावला. "आगं बाय, चारच आने? आमच्या पारडीला सा दिलंवतं यांनी!"

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. अप्पांनी मान खाली घालून गज कापडावर ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच, वालाच्या हातांनी, तात्यांच्या मागे त्यांच्या घरी गेले.

एकटा जीव होता. बायको कधीच वारलेली, एकुलता मुलगा वसंता बाहेरगावी. ओटीवर बसून पायांवर पाणी घेत होते. मी उंबऱ्याशीच उभी राहिले. "तात्या, माझं कुठलं उत्तर चुकलं?"

"एकही नाही."

"मग चार आणे कसले?"

"बस जरा."

"बसणार नाही!"

"बरं, उभी राहा. चार आणे लावले की काय होतं, ठाऊक आहे का? सारा तहकूब. मग त्या शेतकऱ्याच्या दारात कुणी जायचं नाही, त्याला काही मागायचं नाही. पिकलं तर त्याचं नशीब, नाही पिकलं तर कुणी बोलायचं नाही. मी आताशा सगळ्याच पोरांना चार लावतो."

म्हणजे हे उपकार होते! मी म्हटलं, "आणि चार आण्यांच्या शेतात दुसऱ्या वर्षी बियाणं कोण टाकतं हो, तात्या? माझे अप्पा टाकणार नाहीत. ते मला कल्याणला उजवून मोकळे होतील!"

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. बोलले तेव्हा आवाज त्यांचा वाटेना.

"आमच्या वसंताला मी सोळा आणे लावले होते. गावभर सांगितलं. स्टेशनात हार घातला. त्या कॉलेजने नाही घेतलं त्याला. आता सोळा आण्यांचा सारा भरायचा कुठून त्याने? कुठल्या तोंडाने गावात यायचं? पुण्याला आहे म्हणतात. मुंबईला जातो-येतो म्हणतात. घाटाचं इंजिन लावायला प्रत्येक गाडी कर्जतला थांबते. त्याचीही थांबत असेलच की. तो उतरत नाही."

मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. पण राग काही ओसरला नाही. "त्याबद्दल मला वाईट वाटतं, तात्या. पण म्हणून माझं लग्न लावणार का तुम्ही?"

तात्यांनी टोपी घातली आणि ओल्या पायांनी दुकान गाठलं. "अप्पा, आणेवारी रद्द."

"मग किती धरायचे?"

"काही धरायचं नाही. पोरगी पाठवा. नाही जमलं तर गावाने माझ्या दारात येऊन बोलावं, तिच्या नाही."

मला पहिला वर्ग मिळाला. पेटी-वळकटी बांधूनच अप्पांबरोबर मुंबईला गेले, एवढा भरवसा. प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझ्या नऊवारीकडे पाहिलं, दाखल्यावरचं शाळेचं नाव वाचलं आणि शेजारच्यांना विचारलं, "हे कर्जत कुठे आलं?" ते दोघे हसले. गणिताचा एक प्रश्न नाही. भूमितीचा नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले आणि दुसऱ्याला हाक मारली. अहो, आमच्या तात्यांनी निदान दाणा चोळून तरी बघितला होता! यांनी बांधावरूनच हाकललं, आणि म्हणे निवडून घेतात!

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. भिवपुरी गेलं तशी अप्पांना म्हटलं, "आपण लोणावळ्याला मावशीकडे जाऊ. मी इथे उतरणार नाही." अप्पांनी लोणावळ्याच्या तिकिटाला पैसे मोजायला घेतले. पेठेतून ती पेटी परत न्यायची त्यांनाही लाज वाटत असणार.

कर्जत आलं. इंजिन लागायला गाडी थांबली. आणि फलाटावर मला तात्या दिसले.

मला घ्यायला नव्हते आले. आम्ही कुठल्या गाडीने येणार ते त्यांना ठाऊकही नव्हतं. ते एकेका डब्यापाशी थांबत होते, टाचा उंचावून खिडकीतून आत बघत होते आणि पुढच्या डब्याकडे जात होते. हमाल त्यांना वाट करून देत होते, रोजचंच असल्यासारखे.

मी उठले. पेटी ओढली आणि खाली उतरले. मागून अप्पा वळकटी घेऊन आले.

तात्यांनी माझं तोंड पाहिलं. रडून सुजलेलं ते तोंड बघून काय झालं ते कुणालाही कळलं असतं. त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "उतरलीस," आणि पुन्हा, "उतरलीस गं पोरी."

मग अप्पा नको नको म्हणत असताना त्या म्हाताऱ्याने माझी पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि भर पेठेतून पुढे चालू लागला. जो भेटेल त्याला थांबवून सांगत होता, "आमची कुमुद घरी आली हो!"