निरोगी अवस्थेत दगावलेलं अस्वल

एका जंगलात झाडांपेक्षा फलक जास्त झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. हसू नका बाळांनो, पुढे रडायचंय.

त्या जंगलात पाणवठ्यापाशी एक दवाखाना होता आणि दवाखान्यात तान्हूबाई नावाची साळिंदर सिस्टर होती. अंगभर काटे, पण हात असा हलका की सुई गेलेली रोग्याला कळायची नाही.

तान्हूबाईचं काम एकच. ज्याला दम लागतो त्याच्या धमनीतलं रक्त काढायचं आणि वायू मोजायच्या यंत्राला द्यायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? रक्त तर डासही काढतो. खरंय. पण डास काढतो ते वरवरचं. धमनी खोल असते, ठकठक उडत असते, आणि तिला दुखावलं तर ती सहजासहजी ऐकत नाही.

म्हणून तान्हूबाई आधी रोग्याच्या मनगटावरच्या दोन्ही नाड्या दाबायची. पंजा पांढराफटक पडला की करंगळीकडची नाडी सोडायची. पंजा चटकन लाल झाला, तरच अंगठ्याकडच्या नाडीत सुई. नाही झाला, तर दुसरा हात. एकीला काही झालं तर पंजा जगवायला दुसरी हवी ना! सिरिंजमध्ये बुडबुडा दिसला की तो तिथल्या तिथे बाहेर. मदतनीस खार सिरिंज घेऊन यंत्राकडे धावायची आणि तान्हूबाई पाच मिनिटं रोग्याच्या मनगटावर बोट दाबून बसायची.

ही पाच मिनिटं अधीक्षकांच्या डोळ्यांत खुपली.

अधीक्षक होते डॉ. पिसारे. जातीने मोर. दिवसातून तीनदा राउंड घ्यायचे, त्यातले दोन आरशासमोर.

"सिस्टर," ते म्हणाले, "रोग्याचा हात धरून तुम्ही पाच मिनिटं करता काय?"

"दाबते, साहेब."

"ते दिसतंय. पण काम काय करता?"

"तेच काम आहे. ही शीर नव्हे, धमनी आहे. बोट लवकर उचललं तर आतल्या आत रक्त साकळतं. मनगटाचं वांगं होतं."

"हुपरीकर तर एका मिनिटात मोकळा होतो!"

हुपरीकर म्हणजे नवा वानर. सहा महिन्यांमागे तो फांद्या मोजायच्या खात्यात होता. तिथे फांद्या संपल्या म्हणून इकडे आला. तो नाड्या तपासायचा नाही. तो खुपसायचा. लागली तर लागली, नाही तर पुन्हा खुपसायचा. मग सिरिंज हलवत, वाटेत दोघांशी गप्पा मारत, शेपटीवर रुबाबात झोके घेत यंत्रापाशी पोचायचा. सिरिंजमध्ये हरभऱ्याएवढा बुडबुडा गोल गोल फिरत असायचा.

"अरे, तो बुडबुडा काढ," तान्हूबाई म्हणायची.

"एवढासा तर आहे, ताई. एका बुडबुड्याने कोण मरतंय?"

आता नीट ऐका बाळांनो. बुडबुड्यात असते हवा. हवेत असतो प्राणवायू. तो सिरिंजमधल्या रक्तात शिरतो. यंत्र बिचारं भोळं. त्याला वाटतं, हा प्राणवायू रोग्याचाच! रोगी गुदमरतोय आणि रिपोर्ट म्हणतोय, ठणठणीत.

पिसारे साहेबांनी दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तान्हूबाईचे प्राणवायूचे आकडे पन्नास, छप्पन्न, अठ्ठेचाळीस. हुपरीकरचे एकशे पाच, एकशे दहा, एकशे अठरा.

"पाहिलंत?" साहेब सगळ्या स्टाफसमोर म्हणाले. "हुपरीकरच्या हातात गुण आहे. त्याने सुई टोचली की रोगी निम्मा बरा होतो. आणि आपल्या सिस्टर! यांनी हात लावला की धडधाकट प्राणीही पन्नासावर येतो."

स्टाफने टाळ्या वाजवल्या. खार वाजवत नव्हती. मग साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिनेही वाजवल्या.

महिन्याभरात सिंहमहाराजांचं पथक येणार होतं. सगळ्यात निरोगी दवाखान्याला सुवर्णपंख मिळणार होता. तेव्हाच भिकोबा अस्वल दवाखान्यात आलं.

भिकोबांनी जन्मभर मोहोळांना धूर घातला. मध जंगलाने खाल्ला, धूर त्यांनी. आता चार पावलं टाकली की धाप लागायची. दवाखान्यात प्राणवायूची नळी एकच आणि नियमही एकच: रिपोर्टात आकडा साठच्या खाली असेल, त्यालाच नळी.

रक्त हुपरीकरने काढलं. तीनदा खुपसून. आकडा आला एकशे बारा.

"वा! भिकोबा, तुम्ही तर तरणेबांड!" हुपरीकर म्हणाला. "घरी जा, मध खा."

भिकोबांची बायको चिमाबाई शेजारी उभी होती. "अहो, यांना बोलता येत नाहीये."

"आनंदाने होतं तसं, वहिनी."

तान्हूबाईने भिकोबांकडे पाहिलं. ओठ जांभळ खाल्ल्यासारखे. नखं निळी. रिपोर्ट म्हणतो ठणठणीत आणि ओठ म्हणतात मरतोय. दोघांतलं एक कोणीतरी खोटं बोलत होतं, आणि ओठांना कोणी सुवर्णपंख देणार नव्हतं.

तिने भिकोबांना ओसरीवर बसवलं. न सुजलेला हात घेतला. दोन्ही नाड्या दाबल्या, एक सोडली. पंजा चटकन लाल झाला. रक्त काढलं, बुडबुडा काढला, खारीला म्हणाली, "पळ!" आणि बोट दाबून बसली.

"दुखतंय का, भिकोबा?"

भिकोबांनी मान हलवली. नाही.

"नळी मिळेल हं. आकडा येऊ दे."

आकडा आला शेहेचाळीस.

तान्हूबाई तो कागद घेऊन पिसारे साहेबांच्या खोलीत गेली. साहेब पिसारा विंचरून घेत होते.

"साहेब, भिकोबांना नळी लावायला हवी. आत्ता."

साहेबांनी दोन्ही कागद पाहिले. "एकाच अस्वलाचे दोन आकडे? हा धोरणात्मक प्रश्न आहे. समिती बसवावी लागेल."

समिती तासाभरात बसली. तेवढी तत्परता दवाखान्यात होती. समितीत तिघं. स्वतः साहेब, हुपरीकर, आणि दिवसा झोपणारं एक घुबड. त्यामुळे ठराव नेहमी विरोधाशिवाय पास व्हायचे.

"दोन्ही कर्मचारी आपलेच," साहेब म्हणाले. "एकाला खोटं ठरवणं बरं नाही. आपण सरासरी काढू."

शेहेचाळीस आणि एकशे बारा. सरासरी एकोणऐंशी.

"साठच्या वर!" हुपरीकर ओरडला. घुबड दचकलं. त्याचं अनुमोदन नोंदवलं गेलं.

"साहेब," तान्हूबाई म्हणाली, आणि तिचे काटे आपोआप उभे राहिले, "श्वासाची सरासरी कशी काढता? तो एकतर येतो, नाहीतर येत नाही!"

"भावना आवरा, सिस्टर. काटे खाली घ्या. आपण रोग्यालाच विचारू ना! आपली लोकशाही आहे."

सगळे ओसरीवर आले. साहेबांनी वाकून प्रेमाने विचारलं, "काय भिकोबा, काही तक्रार?"

भिकोबांनी तोंड उघडलं. हवा आत घ्यायलाच तोंड कमी पडत होतं, शब्द बाहेर कुठून येणार?

साहेबांनी क्षणभर वाट पाहिली. मग सांगितलं, "लिहा. तक्रार नाही."

हुपरीकरने लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं. त्याचं अक्षर चांगलं होतं, हे मान्य करायला हवं.

तान्हूबाई नळी आणायला धावली. नळीच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली साहेबांच्या गळ्यात. ती परत येईपर्यंत चिमाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि ओसरी फार शांत झाली होती.

"साहेब," चिमाबाई म्हणाली, "हे गेले कशाने?"

साहेबांनी रिपोर्ट चाळला. "वहिनी, कागद पाहता त्यांना मरायचं काहीच कारण नव्हतं. त्यांनी थोडी घाई केली."

पुढच्या आठवड्यात पथक आलं. पथकप्रमुख हत्तीने विचारलं, "इथे कोणी दगावतं का?"

"दगावतात," साहेब नम्रपणे म्हणाले. "पण निरोगी अवस्थेत."

हत्तीला हे फारच आवडलं. त्याने सुवर्णपंख साहेबांच्या पिसाऱ्यात स्वतःच्या सोंडेने खोवला. हुपरीकरला प्रशिक्षकपद मिळालं. तान्हूबाईला पत्र मिळालं: दवाखान्याचे आकडे खाली आणल्याबद्दल तिने हुपरीकरकडून प्रशिक्षण घ्यावं.

आता इथे चांगल्या गोष्टींमध्ये न्याय होतो. आपल्या गोष्टीत काय झालं ते सांगतो.

सत्काराचे हार, अत्तर, धूप, तीन दिवस चाललेली भाषणं. पिसारे साहेबांचीच छाती भरली. धाप लागू लागली. हुपरीकर सिरिंज घेऊन लगबगीने पुढे आला.

"तू नको रे," साहेबांनी त्याला बाहेर पिटाळलं आणि दार आतून लावून घेतलं. "सिस्टर, तुम्ही घ्या. आणि तो बुडबुडा... तो तेवढा ठेवू नका हं."

तान्हूबाईने साहेबांचं मनगट हातात घेतलं. चिमाबाईची मांडी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पण तिला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने रक्त काढताच येत नव्हतं. तिने नीट काढलं. आकडा चोपन्न आला.

त्या दिवसापासून नळी साहेबांच्या खोलीत आहे. बाहेरच्या फलकावर साहेबांचा आकडा एकशे वीस लिहिला आहे.

तात्पर्य: खरा आकडा हे महागडं औषध आहे. ते वरिष्ठांसाठी राखून ठेवावं. बाकीच्यांना बुडबुडा पुरतो.