सासऱ्यांच्या गाडीचा क्लच

क्लच पूर्ण दाबलेला असूनही गियर टाकला, की सासऱ्यांची मोटरसायकल टुणकन उडी मारायची आणि बंद पडायची. जावई सकाळपासून तिच्याशी झटत होता. सासरे संध्याकाळी गाडी न्यायला येणार होते.

चार दिवसांपूर्वी गाडी इथे ठेवताना ते एवढंच म्हणाले होते, "जावईबापू, हिला हात लावू नका." आता असं सांगितल्यावर कोण गप्प बसेल? त्यात आमच्या जावयाला बल्ब बदलायलासुद्धा माणूस बोलवावा लागतो, असं सासरे चारचौघांत हसून सांगायचे. याने गाडी सुरू करून पाहिली, तर क्लच घसरत होता. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही. म्हटलं, घरच्या घरी क्लचच्या नव्या प्लेटी टाकू आणि सासऱ्यांचं तोंड एकदाचं बंद करू. व्हिडिओ बघून काल त्याने त्या टाकल्याही. पडला आगीतून फुफाट्यात.

"वायर ताणून बघितली?" मेकॅनिकने फोनवर विचारलं.

"ताणली. सैल केली. परत ताणली."

"प्लेटी तेलात भिजवल्या होत्या ना?"

"म्हणजे काय! रात्रभर, ताटात!"

"त्या ताटातल्या चकत्या होय?" बायको दारातून म्हणाली. "शी, किती ओशट होत्या! मी साबणाने घासून पुसून ठेवल्या की."

काल प्लेटी लख्ख दिसल्या, तेव्हा तेल आत मुरलं असेल, असं समजून या महाशयांनी त्या आनंदाने बसवल्या होत्या.

"कोरड्या चिकटल्यात, साहेब," मेकॅनिक हसू आवरत म्हणाला. "खोला परत."

जावयाने पाना हातात घेतला आणि फाटक वाजलं. सासरे आणि सासूबाई दुपारीच हजर!

"बाबा, आधी चहा घेऊ..." जावई घाईघाईने म्हणाला.

"चहा राहू दे. चावी द्या."

सासऱ्यांनी किक मारली, क्लच दाबला, गियर टाकला. गाडी उसळली आणि थेट गुलाबाच्या कुंडीवर जाऊन थांबली. सासरे शाबूत राहिले, कुंडीचे तुकडे झाले. जावयाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"बाबा, चुकलं माझं, मी..."

"असू द्या हो," सासूबाई मायेने म्हणाल्या. "इतकं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही क्लच बिघडवलात, हे मला ह्यांनी मागच्या आठवड्यातच सांगितलंय."

"मागच्या आठवड्यात?" मागच्या आठवड्यात तर गाडी सासऱ्यांच्याच दारात उभी होती!

त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. ते खाली वाकून कुंडीची माती मन लावून गोळा करत होते. कान मात्र लालभडक झाले होते.

जावई शेजारी जाऊन बसला. "तुम्हीपण क्लच घरीच उघडला होतात?"

"हळू बोला," सासरे पुटपुटले. "मेकॅनिककडे न्या म्हणून हिने बजावलं होतं. मी ऐकलं नाही. आता कळलं, तर जन्मभर ऐकवेल."

जावयाने एक मोठा श्वास घेतला. इतक्या वर्षांचे सगळे बल्ब त्याला आठवले.

"आई," तो मोठ्याने म्हणाला, "मीच बिघडवला. उगाच हात घातला."

सासरे ताडकन उठले. "कुणाचं चुकत नाही? पण हात घालायला धाडस लागतं!" त्यांनी बायकोकडे वळून ठणकावलं. "आमच्या जावयासारखा हुशार माणूस शोधून सापडायचा नाही, सांगून ठेवतो."